नव्हाहो रग, चौदा महिन्यांनंतर: सगळं छान, फक्त तो दीड इंच

धुलाईवाल्याशी भांडण मिटून आठ दिवस झाले, तेव्हा आता डोकं शांत ठेवून लिहितो.

नव्हाहो म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी (ज्यांना 'इंडियन' म्हणतात) एक जमात. त्यांनी हाताने विणलेला हा रग गॅनाडो (ॲरिझोनातलं गाव) पद्धतीचा, तीन बाय पाच फूट. लाल पोट, मधे काळे-करडे-पांढरे शंकरपाळे, काळी चौकट. 1,150 डॉलर रोख मोजले ते विणणाऱ्या बाईंच्याच हातात. मधला दुकानदार टळला म्हणून स्वस्त पडला, असं मी घरी चौदा महिने सांगतोय. अजून कोणाला पटलेलं नाही. 'एवढ्यात सोफा आला असता' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सोफ्यावर बसायचीच इच्छा होत नाही.

तक्रार पहिल्या संध्याकाळपासूनची आहे. घरी आणला, पसरला आणि टेप लावली. माझं पोट मोजमापावर चालतं, त्यामुळे सवय जात नाही. सुरुवातीची कड छत्तीस इंच, शेवटची साडेचौतीस. पुन्हा मोजलं. दीडच इंच. फिनिक्सच्या घरांत बघावं तिकडे फरशी, आणि फरशीच्या रेषा म्हणजे फुकटची फूटपट्टी. चहा घेऊन बसलो की नजर थेट त्या कोपऱ्यावर. पाहुणे रंगांचं कौतुक करायचे आणि मी त्यांना वाकवून ती कड दाखवायचो. बायको म्हणाली, लग्नात माझी उंचीसुद्धा टेपनेच मोजली असशील.

बाकी वापराचं थोडक्यात. जाडजूड आहे, थंडीत पायाला ऊब देतो, दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे दर दोन महिन्यांनी उलटा करतो. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवायचा, नुसती हवा ओढायची. गच्चीवर नेऊन झटकायचा नाही, काठीने बडवायचा तर मुळीच नाही, कडेचे धागे तुटतात. कसर लागू नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं. उन्हाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात तेव्हा सोफ्याखाली गेलेला कोपरा विसरू नका, अंधारी, न हललेली जागा तिला आवडते. शेवटी झालर नाही म्हणून घाबरू नका, नसणंच बरोबर आहे. त्या कोपऱ्यातल्या 'आत्म्याच्या रेषे'बद्दल सगळे विचारतात, म्हणजे चौकट फोडून कडेपर्यंत जाणारा एक वेगळ्या रंगाचा धागा. माझ्यात नाही. सगळ्यांत नसतो.

वाटलं होतं, इथपर्यंत लिहून साडेतीन गुण द्यावेत. मग होळी आली.

कटाची आमटी. वाटी नव्हे, पातेलं. टिपून घेतलं, थंड पाण्याचं फडकं लावलं, तरी करड्या भागावर तेलाचा डाग राहिला. मी गालिचे धुणाऱ्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने रगकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, 'इंडियन?' मी म्हटलं, हो. दोघेही खरंच बोलत होतो. पावतीवर 'इंडियन रग' असं लिहून त्याने तो आपल्या भदोही-मिर्झापूरच्या सतरंज्यांच्या रांगेत टाकला. आणि इथे माझी चूक, ती लपवत नाही: निघता निघता मी म्हटलं, 'ही एक कड जरा ओढून सरळ करता येईल का?'

करता आली. ओला रग फळीवर खिळे ठोकून ताणला. दोन्ही टोकं छत्तीस इंच, काटेकोर. फक्त डाव्या अंगाची काठाची दोरी दोन ठिकाणी तुटली, तिथे बाणा (आडवा धागा) सुटून लोंबायला लागला आणि लाल रंग पांढऱ्यात उतरून सगळीकडे गुलाबी सावली आली. बिल 185 डॉलर. मी देणार नाही म्हटलं, ते म्हणाले सरळ करायला तुम्हीच सांगितलंत. पंधरा दिवस ईमेल. शेवटी त्यांनी निम्मे पैसे परत द्यायचं कबूल केलं. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणतो की डाग मात्र गेला.

दुरुस्तीसाठी एका दिने बाईंचं नाव मिळालं (हे लोक स्वतःला दिने म्हणतात, 'नव्हाहो' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव). त्यांनी रग मांडीवर घेतला, तुटलेली दोरी बघितली आणि विचारलं, 'ओढला कोणी?' मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. मग त्यांनी मला घरातल्या मागावर नेलं, आणि चौदा महिने जी गोष्ट मी टेपने शोधत होतो ती तिथे दोन मिनिटांत कळली.

हा माग उभा असतो. वर एक दांडा, खाली एक. ताणा, म्हणजे उभे धागे, इंग्रजी 8च्या आकड्यासारखा एकच अखंड धागा करून दोन्ही टोकांत ओवलेला. तो कुठेही कापत नाहीत. म्हणून झालर नसते. आपल्याकडच्या मागावर कापड पुढे सरकत जातं, ताणा शिल्लक ठेवून कापून काढता येतं. इथे विणणं खालून सुरू होतं आणि वरच्या दांड्याला भिडल्याशिवाय संपत नाही. ताण्याची मोकळी जागा रोज कमी होत जाते. सुरुवातीला दोन ताण्यांच्या मधून हात जातो, लाकडी पट्टी उभी राहते, बाणा घातला की लाकडी फणीने ठोकायचा. सतरंजीवाले पंजाने करतात तेच काम. वर जाता जाता जागा इतकी कमी होते की रुंद पट्टी जात नाही, मग अरुंद, मग नुसती काडी. शेवटच्या दोन इंचांत ताण्याचे धागे एकदम उचलणारी ओव्यांची दांडीसुद्धा काढून टाकतात. ताण्याचे धागे एकेक करून उचलायचे आणि बाणा दाभणाने ओढून घ्यायचा. त्यांनी एक जुनी छत्रीची काडी दाखवली, टोक वाकवलेली. त्यांच्या आईची. शेवटच्या ओळी तिनेच होतात.

त्या दोन इंचांना किती वेळ लागतो विचारलं. म्हणाल्या, सुरुवातीच्या फूटभराएवढा. कधी जास्तच. बाणा थोडा जरी जास्त ओढला गेला की कड आत येते, आणि तिथे हात आवळलेलाच असतो. माझा दीड इंच तिथला होता. खिळ्यांनी तो उसवला.

तेव्हापासून मी कडा बघणं सोडून धागे मोजायला लागलो. माझ्या रगमध्ये इंचाला बाण्याचे अंदाजे तीस धागे. चांगलं, रोजच्या वापराचं काम. टू ग्रे हिल्स या न्यू मेक्सिकोतल्या गावच्या बारीक कामात ऐंशीच्या पुढे असतात, आणि तिथल्या विणकर डेझी टॉगेलची यांचे शंभराच्याही वर गेले होते. टू ग्रे हिल्सचा रग घेतला असता तर रंग उतरण्याचा धोकाही कमी होता, कारण तिथे लाल नसतोच. पांढरी, तपकिरी, काळी लोकर पिंजताना एकमेकींत मिसळून करडे बनवतात, काळ्यालाच काय तो रंगाचा हात देतात. पण ते माझ्या खिशात बसत नव्हते.

लालचं दुखणं जुनंच आहे. टिकाऊ लाल या भागात सहज मिळत नव्हता, म्हणून युरोपातून आलेलं 'बायेता' कापड उसवून त्याचा धागा वापरत. विकत घेतलेलं कापड उसवून परत विणायचं, हे वाचून माझ्या काटकसरी मनाला या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. मग 1880च्या सुमारास रेल्वे आली, तिच्यासोबत रासायनिक रंग आणि पेनसिल्व्हेनियाचं जर्मनटाउन सूत. व्यापारी तर काही काळ ब्लँकेटं रद्दीसारखी वजनावर घ्यायचे. वजनावर पैसे म्हटल्यावर कोण लोकर धुवेल? तेल, माती, वाळू सगळं आतच राहायचं. मीही तेच केलं असतं. गॅनाडोला लोरेन्झो हबेल याने 1878 मध्ये दुकान घेतलं. त्याने सुती ताण्याला नाक मुरडलं, लाल मात्र उचलून धरला, आणि आवडलेल्या नमुन्यांची छोटी रंगीत चित्रं काढवून भिंतीवर लावली, विणकरणींना दाखवायला. ती चित्रं आजही तिथे आहेत. 'परंपरेचा' लाल म्हणून मी पैसे मोजले, तो बराचसा एका दुकानदाराच्या आवडीचा आहे.

दुरुस्तीवाल्या बाईंनी स्वतःहून सांगितलं ते मेंढ्यांचं. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने मेंढ्या मारून, पीचची झाडं तोडून लोकांना पायी बॉस्के रेडोंडोला, न्यू मेक्सिकोतल्या बंदिवासाच्या जागी, हाकललं. त्या जागेला दिने लोक ह्वेल्दी म्हणतात आणि नाव घेताना आवाज खाली येतो. 1868च्या तहाने परत आले तेव्हा सरकारने पंधरा हजार मेंढ्या-बकऱ्या कबूल केल्या, खर्च तीस हजार डॉलरच्या आत. डोक्याला दोन डॉलर. कळप पुन्हा वाढले, तर 1930च्या दशकात चराई जास्त होते म्हणून सरकारनेच हजारो जनावरं मारली. कमी तेलाची, लांब तंतूची जुनी चुर्रो मेंढी त्यात जवळजवळ संपली. ती 1977 पासून एका प्राध्यापकाच्या खटपटीने परत आली. माझ्या रगची लोकर मात्र चुर्रोची नाही. सूत गिरणीचं आहे. विकताना बाईंनी ते सांगितलं होतं, मी तेव्हा टेपच्या विचारात होतो.

विणणं कोणी शिकवलं? इतिहासवाले पुएब्लो या शेजारच्या मूळ रहिवाशांकडे बोट दाखवतात. दिने लोक कोळी-स्त्रीकडे (कोळी म्हणजे जाळं विणणारा). मराठीत 'कोळीण' लिहिलं तर ससून डॉकची आठवण येईल, म्हणून असं लिहिलं. कॅन्यन डी शे या ॲरिझोनातल्या दरीत तिचा सुळका आहे, साडेसातशे-आठशे फुटांचा.

आई मे महिन्यात इथे होती. ती आटपाडीची, घोंगडीच्या मुलखातली. रग परत आला होता, दुरुस्ती होऊन. तिने चष्मा न लावता बोटांनीच काठ तपासला. 'ह्याला चिंचोक्याची खळ नाही रे दिलेली,' म्हणाली. नाही दिलेली. मग तिला काठावरची नवी दोरी सापडली, जी मला दिसतसुद्धा नाही. 'हितं कुणीतरी हात फिरवलाय. चांगला फिरवलाय.' दीड इंचाचा विषय मी काढलाच नाही.

दुरुस्तीचे 240 डॉलर झाले. गुलाबी सावली पूर्ण गेली नाही, पांढरा आता फिकट गुलाबीच समजायचा. म्हणजे एकूण खर्च 1,390 आणि धुलाईचे निम्मे. दिवसाला सव्वातीन डॉलरच्या वर, अजून तरी. गुण साडेचार. घ्यायचा असेल तर विणणाऱ्याकडूनच घ्या, लाल घेणार असाल तर आमटी लांब ठेवा. आणि नव्हाहो नमुन्याचे रग मेक्सिकोत आणि आपल्या देशातही विणले जातात, तेव्हा कुठे विणलाय ते विचारा. खोटं सांगून विकणं इथे 1990च्या कायद्याने गुन्हा आहे.

ता.क. काल धुलाईवाल्याचा चेक आला, साडेब्याण्णव डॉलर. खाली कारणाच्या जागी लिहिलंय: इंडियन रग. वरची कड आता पावणेपस्तीस आहे. एकदाच मोजली.