हौशी नाटकासाठी २.४ गिगाहर्ट्झचे कॉलर माइक: तालमीत चोख, प्रयोगात बेभरवशाचे

मुलाखती आणि व्हिडिओसाठी बनवलेले हे छोटे वायरलेस माइक हौशी मंडळी सर्रास रंगमंचावर वापरतात. तालमीत आवाज स्वच्छ येतो, घोटाळा होतो तो प्रयोगाला. वायफाय आणि ब्लूटूथही याच २.४ गिगाहर्ट्झ रेडिओलहरींच्या पट्ट्यात चालतात. प्रेक्षागृह भरलं, खिशाखिशात फोन आले की आवाज तुटायला लागतो. त्यात माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं, म्हणजे नटाने पाठ फिरवली की वाक्य गायब! रिसीव्हर, म्हणजे माइकच्या लहरी पकडणारा डबा, मागच्या साउंडवाल्याजवळ नको, विंगेत ठेवा आणि तिथून मिक्सरपर्यंत केबल ओढा. बराचसा त्रास इथेच कमी होतो.

३.५ मिमी जॅक असलेलंच मॉडेल घ्या. कॉलरवर कपडा घासून खरखर होते. त्या जॅकमध्ये वेगळा वायरचा माइक लावून तो कपाळावर केसांच्या कडेला मेडिकल टेपने चिकटवला की ती थांबते. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ठरवताना नटाला सर्वांत चढं वाक्य म्हणायला लावा, 'हॅलो हॅलो'वर ठरवू नका. दोन पात्रं मिठी मारतात तिथे एक माइक बंद करा, नाहीतर आवाज पोकळ होतो.

खरी नाराजी बॅटरीवर. ती आतच बसवलेली, मध्यंतरात बदलता येत नाही.

दोनपात्री एकांकिकेला चालतील. आठ पात्रांच्या दोन अंकी नाटकाला नकोच. त्यापेक्षा मंचाच्या पुढच्या कडेला दोन-तीन बाउंडरी माइक (जमिनीवर सपाट बसणारे) ठेवा आणि नटांकडून आवाजाची फेक करून घ्या.