किचन चिमणीच्या दुरुस्तीत १२,२५८ रुपये लुबाडले, सोलापूरकरांनी वाचावंच

केमिकल वॉश १,४९९. नवी मोटर ४,८५०. कपॅसिटर (मोटर सुरू करणारा छोटा सुटा भाग) ६५०. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून १,२६०. वेगळ्या पावतीवर दोन वर्षांची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ३,९९९. एकूण १२,२५८ रुपये जुळे सोलापुरातल्या आमच्या घरातून गेले. बिघाड होता फक्त बाहेरच्या भिंतीवरच्या झाकणात, आणि तो दूर करायला स्टूल, जुनी सुरी आणि गरम पाणी पुरलं असतं.

नेटवर कंपनीच्या नावाने वरच झळकणारे खोटे 'सर्व्हिस सेंटर' नंबर कसे चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही. तसल्याच नंबरावर आम्ही फोन केला. आलेल्या माणसाच्या अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील बिलबुक होतं. तक्रार एवढीच, की फोडणी दिली की ठसका घरभर पसरतो, चिमणी ओढत नाही. अशा तयारीने आलेल्या माणसावर कोणत्या घरात संशय घेतात?

पण एक क्षण असा होता, की तो आठवला तरी डोकं फिरतं. त्याने चिमणीवरचा क्लॅम्प सैल केला, डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, बाजूला केला आणि तिसऱ्या स्पीडचं बटण दाबलं. उघड्या तोंडातून हवेचा असा झोत आला की भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडून उलटली, वरच्या फळीवरची धूळ ओट्यावर आली. आणि त्याच वेळी हा म्हणतो, "काकू, मोटर लोड घेत नाही, जळायला आलीय." डक्ट काढल्यावर वारा जोरात येतो, याचा अर्थ मोटर आणि ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) ठणठणीत आहेत आणि अडथळा पुढे, पाइपात किंवा बाहेरच्या झाकणात आहे. दुसरा अर्थ निघतच नाही. तो झोत घरातल्या सगळ्यांनी पाहिला. पण तेव्हा सगळ्यांची धावपळ मळलेल्या पिठात काजळी पडू नये म्हणून परातीवर ताट झाकायची चालली होती. या लोकांना नेमकी हीच गडबड हवी असते.

बाहेरच्या तोंडाला जे झाकण असतं, त्यात सैल पट्ट्या असतात. चिमणी चालू झाली की त्या उघडतात, बंद झाली की मिटतात. तेलाची वाफ तिथे थंड होऊन चिकटते, त्यावर आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ बसते आणि वर्षभरात पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात. जाळी तुटली असेल तर पारवे काड्या भरतात. मग आत मोटर कितीही फिरली तरी हवा जाणार कुठे? आमच्याकडे पट्ट्यांवर काळा, डांबरासारखा थर होता. तो खरवडल्यावर चिमणीला लावलेला कागद पुन्हा फिल्टरला चिकटून राहू लागला.

कुणालाही बोलावण्याआधी प्लग काढून फिल्टर उतरवा आणि ब्लोअरचं चाक काडीने फिरवून पाहा. मोकळं फिरत असेल तर बेअरिंग बरं आहे. चालू केल्यावर मोटर नुसती घुं-घुं करते आणि फिरत नाही, तर आधी संशय कपॅसिटरवर घ्या. तो बाजारात शंभर-दीडशेला मिळतो, मात्र जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच हवा. एकच स्पीड चालत नसेल तर दोष बहुधा बटणात किंवा पीसीबीत (आतल्या सर्किटच्या पट्टीत) असतो. मोटर जळाली तर जळका वास येतो आणि ती फिरतच नाही. सगळ्या स्पीडवर फिरणारी मोटर जळालेली नसते.

त्याचा 'केमिकल वॉश' म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी. स्टीलच्या बॅफल फिल्टरला त्याने फारसं काही होत नाही, पण ॲल्युमिनियमची जाळी आणि डक्ट काळे पडतात, खड्डे पडतात. घरी गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि खायचा सोडा घालून अर्धा तास भिजवा आणि ब्रशने घासा. रोज फोडणी आणि तळण असेल तर दर पंधरा दिवसांनी. तेलाची वाटी त्याआधीच रिकामी करा.

डक्ट सहा इंची असेल तर तो चार इंची करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. हवेची वाट निम्म्याहून कमी होते, चिमणी ओरडते आणि ओढत नाही. घड्यांचा पाइप ताणून, कमीत कमी वळणांनी बसवायचा असतो.

सगळ्यात मोठा घाव वॉरंटीचा. चिमणी चार वर्षांची, मोटरची वॉरंटी पाच वर्षांची, कार्ड कपाटात. मोटर खरोखर जळाली असती तरी फुकट बदलून मिळाली असती. जुनी चांगली मोटर 'बायबॅक' म्हणून तो घेऊन गेला, आणि बसवलेल्या मोटरवरचा सिरीयल नंबर खरवडलेला निघाला. सुटा भाग बदलला की जुना घरातच ठेवून घ्या, मग कोणी काहीही म्हणो.

त्यानंतरची परवड वेगळीच. कंपनी म्हणते, तो आमचा माणूस नाही. आणि बाहेरच्या माणसाने चिमणी उघडली म्हणून वॉरंटीही रद्द. पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, "तुम्ही राजीखुशीने दिलेत, ही दिवाणी बाब आहे." राजीखुशीने? कंपनीचा माणूस असल्याचं खोटं सांगून पैसे काढले, याला राजीखुशी म्हणतात? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि तोतयेगिरीने फसवण्यासाठी कलम ३१९ आहे, ते ठाण्यातल्यांना आम्ही सांगायचं? बँक म्हणते, क्यूआर तुम्हीच स्कॅन केला. जो तो दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो, आणि तो माणूस दरम्यान पुढच्या घरात शिरतो. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर तीच लेखी करून पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तसं सांगतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लगेच लावा, उशीर करू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, मुदत दोन वर्षं.

बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजा. पंधरा अक्षरं-आकडे असतात, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. आमच्या बिलावर चौदाच होते, तरी १,२६० कर म्हणून घेतले. पैसे देण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून नाव जुळतं का पाहा. सर्व्हिसचा फोन नंबर घ्यायचा तो वॉरंटी कार्डावरून किंवा चिमणीच्या आतल्या स्टिकरवरून. एएमसीच्या पावतीवरचा नंबर आता बंद आहे, पण शोधलं की तसलाच दुसरा नंबर पुन्हा वर येतो. दिसला तर त्या नोंदीवर 'रिपोर्ट' दाबा.