थंडीत काश्मीरला गाडी न्यायच्या आधी इथं दाखवाच

टॉवेलचा माल भरून श्रीनगरला जायचं होतं म्हणून हैदराबाद रोडवरच्या एअर ब्रेकवाल्या (हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक) अण्णांकडं ट्रक लावला. सोलापूरच्या उन्हात ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचणाऱ्या पाण्याचं काही वाटत नाही पण काश्मीर खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या काझीगुंडच्या पुढं तेच पाणी पाईपात गोठतं आणि ब्रेकच लागत नाही, त्यामुळं अण्णांनी आधी एअर ड्रायरचं (हवेतला ओलावा काढणारा भाग) फिल्टर बदललं, टाकीचा वॉल्व उघडून पाणी काढून दाखवलं आणि रोज काढायचं म्हणून बजावलं. मग सगळ्या चाकांच्या ब्रेकचं सेटिंग सारखं केलं, कारण एक चाक आधी धरलं की बर्फावर गाडी आडवीच होते.

सगळ्यात मोलाचं म्हणजे अण्णांचं समजावून सांगणं. बर्फावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) बंद ठेवा, त्यात फक्त मागची ओढणारी चाकं अडतात आणि घसरतात. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर ब्रेक हळूहळू दाबत सोडत जा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा. पुलावर आणि सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसला तरी बर्फच समजा.

बिल जरा जास्त आणि वेळही लागतो, बर्फासाठी चाकांना लावायच्या चेनही मिळत नाहीत, त्या तिकडंच घ्या. तरी माझी पुढची गाडीपण इथंच येणार.