मीटरवरचे ॲव्हरेज आणि टाकीत भरलेले पेट्रोल: वर्षभराच्या नोंदींवरून एक परीक्षण

माझी गाडी १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, हाताने गिअर बदलण्याची साधी हॅचबॅक आहे. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही आणि एकाच गाडीच्या नोंदींवरून कोणावर ठपका ठेवणे योग्य नव्हे. हे परीक्षण सगळ्या गाडीचे नसून तिच्या मीटरवर दिसणाऱ्या एकाच आकड्याचे, म्हणजे सरासरी मायलेजचे आहे. गाडी घेताना विक्रेत्याने तो आकडा मोठ्या कौतुकाने दाखवला होता, आणि ‘ॲव्हरेज किती देते?’ असे कोणी विचारले की मीही पहिली दोन वर्षे तोच सांगत असे. एकदा कोल्हापूरहून परतल्यावर पंपाची पावती आणि ट्रिप मीटर शेजारी ठेवून भागाकार केला, तेव्हा दोन आकड्यांत लिटरमागे जवळजवळ दीड किलोमीटरचा फरक निघाला. त्यानंतर एक वर्ष प्रत्येक लिटर लिहून ठेवायचे ठरवले.

पद्धत जुनीच, टाकी फुल ते टाकी फुल, पण ती शिस्तीने पाळली नाही तर तिच्यातही मोठी चूक शिरते. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, गाडी त्याच सपाट जागी उभी, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की तेथेच थांबायचे. रक्कम पूर्ण करण्यासाठी वरून थेंब थेंब भरायचे नाही. एका भरणीत अर्धा-पाऊण लिटर इकडे-तिकडे होतोच, आणि २८ लिटरांच्या भरणीत तेवढ्यानेच दोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे एका टाकीवरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. वर्षअखेरीस सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर असा एकच भागाकार करावा. प्रत्येक टाकीचे मायलेज काढून त्यांची सरासरी घेऊ नये, कारण त्यात कमी पेट्रोल लागलेल्या टाकीलाही जास्त लागलेल्या टाकीइतकेच वजन मिळते.

वर्षभरात १४ वेळा टाकी भरली. अंतर झाले ६,२३० किलोमीटर, पेट्रोल लागले ३९८.६ लिटर, म्हणजे प्रत्यक्ष मायलेज लिटरमागे १५.६ किलोमीटर. ‘ट्रिप बी’, म्हणजे गाडीतला दुसरा ट्रिप मीटर, वर्षभर शून्यावर आणला नव्हता. त्यावरची सरासरी होती १६.९. मीटरचा आकडा खरा धरला तर एवढ्या अंतराला सुमारे ३६८.६ लिटर पेट्रोल पुरायला हवे होते. ३० लिटर पेट्रोल मी विकत घेतले, ते जळाले, पण मीटरच्या हिशोबात ते कधी आलेच नाही. पुण्यातल्या शंभरीपार दराने ही रक्कम तीन हजारांहून अधिक होते. पुणे–कोल्हापूर–पुणे अशा जवळजवळ संपूर्ण महामार्गाच्या टाकीला मीटर २०.३ दाखवत होते आणि हिशोब १८.९ येत होता; केवळ शहरात, सिंहगड रस्त्याच्या गर्दीत संपलेल्या टाकीला मीटर १३.१ आणि हिशोब ११.९. चौदाच्या चौदा वेळा मीटर वरच होते, एकदाही खाली आले नाही. चूक निव्वळ योगायोगाची असती तर ती कधी इकडे, कधी तिकडे झुकली असती.

पहिला संशय साहजिकच पंपावर गेला. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात मोजून दाखवावे लागते. मी ते दोनदा मागितले आणि दोन्ही वेळा पेट्रोल मर्यादेच्या आत भरले. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का, एवढी सूट धरली तरी वर्षाच्या पेट्रोलमध्ये जेमतेम दोन लिटरांचा हिशोब लागतो. उरलेल्या २८ लिटरांचे खापर पंपावर फोडता येत नाही.

दुसरा संशय ओडोमीटरवर होता. तो द्रुतगती मार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिला, तेव्हा ५० किलोमीटरला ओडोमीटर ५०.६ दाखवत होता. याचे एक कारण झिजलेले टायर. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि ती १.६ पर्यंत झिजली की चाकाचा घेर सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. त्याच अंतराला चाक अधिक वेळा फिरते आणि गाडी अधिक धावल्याचे नोंदवते. मात्र मीटरचे मायलेज आणि माझा वहीतला हिशोब दोन्ही याच ओडोमीटरवर अवलंबून असल्याने ही चूक दोघांनाही सारखीच फुगवते. खरे मायलेज १५.६ हूनही किंचित कमी, साडेपंधराच्या आत आहे, एवढेच तिच्यातून कळते. दोघांमधली तफावत तिने सुटत नाही.

राहिले इंधनाचे माप. टाकीतून किती पेट्रोल गेले हे गाडी प्रत्यक्ष मोजत नाही. इंजिनाचा संगणक इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहिला याचा हिशोब ठेवतो, ठराविक दाबाला त्या इंजेक्टरमधून किती पेट्रोल वाहते हा त्याच्याकडे साठवलेला आकडा असतो, आणि दोहोंच्या गुणाकारातून खर्च निघतो. तो साठवलेला आकडा काही टक्क्यांनी कमी असेल तर गाडी आयुष्यभर त्याच प्रमाणात कमी खर्च दाखवत राहील. शिवाय टाकीत तयार होणारी वाफ कोळशाच्या डब्यात साठून नंतर इंजिनात जळते. ती इंजेक्टरमधून जात नसल्याने हिशोबात येत नाही, पण हा भाग लहान आहे. मोठा भाग गुणकाचाच, म्हणजे त्या साठवलेल्या आकड्याचाच असावा, असे माझे मत आहे. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत तर निदानाचे यंत्र जोडून इंधन-खर्चाचा दुरुस्ती-गुणक टक्क्यांत बदलता येतो, म्हणजे हा आकडा नेमका लावून देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मी नोंदींची वही घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, तेव्हा ‘तो आकडा अंदाजेच असतो’ एवढेच उत्तर मिळाले. अंदाजे असेल तर तो दशांशापर्यंत का दाखवावा, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

सध्या प्रत्येक तफावतीचे कारण म्हणून ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सांगितले जाते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे इथेनॉलचे प्रमाण वाढले की मायलेज घटते, हे खरेच आहे. पण धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर हवा-इंधनाचे मिश्रण पातळ झाल्याचे कळवतो, संगणक इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवतो, आणि तो वाढीव वेळ मीटरच्या हिशोबातही येतो. म्हणजे ई२० मुळे दोन्ही आकडे खाली यायला हवेत. त्यांच्यातले अंतर त्याने समजावता येत नाही. एआरएआय या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा दाखल्यावरचा आकडाही या वादात ओढू नये. तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, धुरातल्या कार्बनवरून काढला जातो आणि त्याचा उपयोग दोन मॉडेलांची तुलना करण्यापुरता आहे.

या सुविधेची एक बाजू मला मनापासून आवडते. मीटर चुकते, पण जवळपास त्याच प्रमाणात चुकते, म्हणून तुलनेसाठी ते उत्तम आहे. खंबाटकी चढताना दुसऱ्या गिअरमध्ये क्षणाचे मायलेज सहा-सातवर येते आणि उतारावर गिअर तसाच ठेवून पाय उचलला की काटा टोकाला जातो, कारण त्या वेळी इंजेक्टर बंदच असतात. टायरमधली हवा कमी झाल्याचा सुगावा मला दोनदा याच आकड्याने दिला. पण ‘आणखी इतके किलोमीटर जाता येईल’ हा अंदाज त्याच फुगलेल्या सरासरीवर उभा असतो, म्हणून टाकी तळाला असताना मी त्यावर विसंबत नाही.

युरोपीय संघात २०२१ पासून नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना खर्च झालेल्या एकूण इंधनाची नोंद गाडीतच ठेवावी लागते आणि ती पाच टक्क्यांच्या आत अचूक असावी लागते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मीटरच्या अचूकतेची मर्यादा कुठेच दिलेली नाही. तुलनेचे साधन म्हणून या मीटरला मी पाचपैकी चार गुण देईन, खर्चाचा हिशोब म्हणून दोन. आता मी मीटरवरच्या आकड्यातून साडेसात टक्के वजा करून खर्च धरतो. पुढच्या महिन्यात टायर बदलले की द्रुतगती मार्गावरच्या त्याच दगडांशी ओडोमीटर पुन्हा ताडून पाहीन आणि वहीत नवे पान सुरू करीन.