लाल पट्टी आल्यावर: अनब्लॉक करावं की ट्रस्टेड फोल्डर?

प्राप्तिकर खात्याची एक्सेल युटिलिटी (रिटर्न भरायची तयार एक्सेल फाइल) डाउनलोड केली, झिप सोडवली, फाइल उघडली आणि वर लाल पट्टी आली: मॅक्रो, म्हणजे फाइलमधले आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, अडवले आहेत. रिटर्नच्या दिवसांत हे पाहून जीव मेटाकुटीला येतो, कारण पूर्वीसारखी पिवळी पट्टी आणि 'एनेबल कंटेंट'चं बटण इथे मिळत नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइल्ससाठी मायक्रोसॉफ्टने ती सोय 2022 मध्ये काढली. मधे जुलैत काही दिवस निर्णय मागे घेतला होता, पण त्याच महिन्यात पुन्हा लागू केला. माझ्या मते बरंच झालं. 1999 मध्ये मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. एकदा फाइल उघडली की आउटलुकमधल्या पहिल्या 50 पत्त्यांवर तो स्वतःच मेल पाठवायचा.

मार्ग निवडण्याआधी एक समजून घ्या. एक्सेल इथे मॅक्रो वाचून चांगला-वाईट ठरवत नाही. डाउनलोड होताना विंडोज फाइलला 'ही बाहेरून आली' असा अदृश्य शिक्का मारतं आणि एक्सेल तो शिक्का बघतं. शिक्का फक्त एनटीएफएस डिस्कवर, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मांडणीच्या डिस्कवर, टिकतो. तीच फाइल एफएटी32 या जुन्या मांडणीच्या पेन ड्राइव्हवरून फिरवून आणली तर शिक्का गळतो आणि लाल पट्टी येत नाही. फाइल मात्र होती तशीच असते.

अनब्लॉक म्हणजे हा शिक्का पुसणं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबवर खाली 'अनब्लॉक'ची टिक, ओके. परवानगी त्या एकाच फाइलला मिळते. झिप असेल तर सोडवण्याआधी झिपलाच अनब्लॉक करा, नाहीतर विंडोज आतल्या फाइल्सनाही शिक्का लावतं आणि प्रत्येकीसाठी तेच करत बसावं लागतं. वर्षातून चार-पाच युटिलिटी लागणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये. दर वेळी अर्धं मिनिट जातं, पण त्या अर्ध्या मिनिटात 'ही फाइल मी खात्याच्या पोर्टलवरूनच घेतली ना?' हा प्रश्न स्वतःला विचारता येतो. व्हॉट्सॲपवर कुणी पुढे ढकललेली युटिलिटी असेल, तर अनब्लॉक न करता ती उडवा आणि पोर्टलवरून नवी घ्या.

ट्रस्टेड लोकेशनचा व्यवहार वेगळा. एक्सेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये, म्हणजे ट्रस्ट सेंटरमध्ये, एक फोल्डर एकदाच नोंदवायचा, मग त्यातली प्रत्येक फाइल न विचारता मॅक्रोसकट उघडते. आज ठेवलेलीही आणि पुढच्या वर्षी कुणी चुकून टाकलेलीही. पन्नास अशिलांची कामं असलेल्या करसल्लागाराला हे सोयीचं आहे, पण त्यासाठी वेगळा, रिकामा फोल्डर करा, त्यात पोर्टलवरून घेतलेलीच फाइल ठेवा आणि सबफोल्डरची टिक लावू नका. डाउनलोड्स फोल्डरच ट्रस्टेड करून ठेवलेला मी पाहिला आहे. मेलमधून उतरवलेलं खोटं बिलही मग थेट चालू होणार!

सगळेच मॅक्रो सरसकट चालू करणारा 'एनेबल ऑल मॅक्रोज' हा पर्याय मी तुलनेतही धरत नाही. शिक्का नसलेल्या फाइल्ससाठी जो पिवळा थांबा अजून आहे, तोही त्याने जातो.

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरकडे वळायचा विचार असेल तर तिथेही सही नसलेले मॅक्रो मुळात बंदच असतात, आणि एक्सेलसाठी लिहिलेले मॅक्रो तिथे पूर्ण चालतील याचा भरवसा नाही. साध्या पगारदाराचं आयटीआर-1 असेल तर पोर्टलवर ऑनलाइनच भरा, मॅक्रोची गाठच पडत नाही.

स्वतः मॅक्रो लिहून अशिलांना पाठवत असाल तर मात्र वरचे दोन्ही मार्ग त्यांच्या गळ्यात मारू नका. मॅक्रोवर डिजिटल सही करा. समोरच्याने तुम्हाला एकदा ट्रस्टेड पब्लिशर म्हणून मान्य केलं की सही असलेली पुढची फाइल शिक्का असूनही चालते, आणि वाटेत कुणी कोड बदलला तर सही तुटते.