भिंत फक्त व्हिडिओत पडली

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनी घरं 'थ्रीडी'त नवी करून दाखवणारे सध्या बरेच फिरताहेत. सगळे लबाड नाहीत. पण आमचे दीड लाख ज्यानं नेले त्याची पद्धत सांगून ठेवते, कारण तोच व्हिडिओ शहापुरातल्या आमच्या नातलगांकडेही पोचलाय. दारावरच्या पाटीचं आडनाव तेवढं बदललेलं.

आमचं वडगावातलं घर विणकराचं. पुढच्या सोप्यात पूर्वी माग होता, मग माजघर, त्यामागं अंधारं स्वयंपाकघर आणि परडं. दीड-दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर माळा आणि मंगलोरी कौलं. माजघर आणि स्वयंपाकघर एक करायचं आईच्या मनात होतं. तो आला, मोबाईलवर फोटो काढले, बाबांना 'काका, काका' करत चहा प्याला आणि गेला. टेप काही खिशातून निघाला नाही. मग व्हिडिओ आला. मधली भिंत गायब, ऐसपैस ओपन किचन, उत्तरेच्या खिडकीतून ओट्यावर पसरलेलं ऊन, वर दिवाळीचा आकाशकंदील. आई हरखली. "काका, पुढच्या आठवड्यात दर वाढतायत, फॅक्टरीत ऑर्डर लावून टाकू," म्हणून आगाऊ रक्कम मागितली. ती यूपीआयनं गेली एका बाईच्या खात्यावर, फर्मच्या नावावर नाहीच. त्यानंतर आधी उद्या-परवा, मग फोन बंद.

भिंत तरी पाडून घेऊ म्हणून गवंडीमामांना बोलावलं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "वैनी, माळ्याच्या तुळया ह्याच भिंतीवर टेकल्यात की. ही काढली तर कौलं तुमच्या ताटात."

नंतर माझ्या भाच्यानं तो व्हिडिओ नीट पाहिला. तो स्केचअपवर, म्हणजे घरांची थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. पहिली गोष्ट म्हणे उन्हाची. दिवाळीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, आपल्याकडे तेव्हा उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. गाव, तारीख आणि वेळ भरली तर स्केचअप सावल्या बरोबर पाडतं. म्हणजे हे घर आमच्या जागेवर, आमच्या दिशेला कधी बसवलंच नव्हतं. दुसरी गोष्ट भिंतींची. त्यातल्या सगळ्या भिंती अर्ध्या फुटाच्या. आमची प्रत्येक भिंत फूटभर बारीक केली की खोलीत फुकटची जागा निघते, तिथं फ्रिजही मावतो आणि डायनिंग टेबलही. वर कॅमेरा रुंद कोनाचा, त्यामुळे दहा फुटांची खोली मंगल कार्यालयासारखी दिसते. ओटा, दिवे, खुर्च्या तयार मिळतात, त्या नुसत्या ओढून ठेवायच्या.

सॉफ्टवेअरला दोष नाही. 'स्वीट होम थ्रीडी' तर फुकट आहे, त्यात भिंतीची जाडी घालता येते, घरची शाळकरी पोरंही शिकतात. पण आधी घर मोजावं लागतं. कुणी व्हिडिओ दाखवला तर त्याला लॅपटॉप उघडायला लावा आणि समोर बसून तुमच्याच एका भिंतीची जाडी मोजून दाखवायला सांगा. दोन टोकांवर क्लिक केलं की अंतर दिसतं. 'फाईल ऑफिसात आहे' म्हणाला तर पाकीट खिशातच राहू द्या. आणि भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या, थ्रीडीवाल्याचा शब्द नको.

कोटेशनवरचा जीएसटी क्रमांकही बघा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. त्याचं ऑफिस म्हणे बेळगावच्या टिळकवाडीत, क्रमांक मात्र २७चा. कोल्हापूरची माणसं आपल्याकडे कामं घेतातच, म्हणून कुणाला खटकलं नाही. जीएसटीच्या पोर्टलवर टाकल्यावर तो भलत्याच कापड दुकानाचा निघाला.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढं सरकते. ठग सीमेपलीकडचा असला तरी कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आमची तक्रार बेळगावात दाखल आहे, पैसे अजून आलेले नाहीत. व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचे स्क्रीनशॉट मात्र आजच काढून ठेवा. आमच्याकडचे त्याचे शेवटचे मेसेज त्यानं पुसून टाकले होते, बाबांनी आधी काढलेले फोटोच तक्रारीला जोडता आले.