बोट सांभाळायला दिली, ती वाळूत घासून परत मिळाली

बोट घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितो आहे. विशेषतः जे पुण्यात किंवा मुंबईत राहतात, ज्यांची बोट कोकणातल्या एखाद्या खाडीत उभी असते आणि जे ती दुसऱ्याच्या भरवशावर सोडून येतात, त्यांच्यासाठी.

गेल्या दसऱ्याला मी १९ फुटी जुनी मोटरबोट घेतली. साडेअकरा लाख रुपये मोजले. बारा वर्षांची बचत होती ती. बोट स्टर्नड्राइव्ह प्रकारची होती. म्हणजे इंजिन बोटीच्या आत, मागच्या बाजूला, आणि पंखा फिरवणारा पाय बाहेर, पाण्यात. या पायालाच ड्राइव्ह म्हणतात. कोळ्यांच्या होड्यांना मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन आपण पाहिलेलं असतं. ते सगळंच्या सगळं बाहेर असतं. स्टर्नड्राइव्हमध्ये मात्र आतल्या इंजिनाची ताकद बाहेरच्या पायापर्यंत न्यायला बोटीच्या मागच्या भिंतीला मोठं भोक पाडलेलं असतं, आणि त्या भोकातून समुद्र आत येऊ नये म्हणून घडीघडीचं रबरी नळकांडं बसवलेलं असतं. त्याला बेलोज म्हणतात. ते फाटलं तर पाणी थेट बोटीत येतं. मला हे तेव्हा फक्त ऐकून माहीत होतं.

बोट रेवदंड्याच्या खाडीत ठेवायची ठरली. तिथे बोटी सांभाळणारे एक गृहस्थ भेटले. बोलायला गोड, हातात कामाची सवय, आणखी दोन जणांच्या बोटी त्यांच्याकडे होत्या. महिना ९,००० रुपये ठरले. बोट खाडीत नांगरावर ठेवायची, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं, चालवल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, बस. इंजिनाच्या तासांचा आकडा मी वहीत लिहून घेतला होता: २१२. चावी त्यांच्या हातात दिली.

१८ जानेवारी २०२६ला, रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला. "साहेब, बोट नांगरावरच होती. आज अमावास्या, दुपारी बाराला मोठी ओहोटी लागली. पाणी एवढं उतरलं की बोट खाली टेकली आणि ड्राइव्ह खडकावर आपटला. माझा काही इलाज चालला नाही." सोबत वाकलेल्या पंख्याचा फोटो. दोन दिवसांनी कागद आला: नवा पंखा, नवे बेलोज, नवा इम्पेलर, मजुरी, एकूण ६८,००० रुपये. साध्या वहीच्या पानावर हाताने लिहिलेला, ना जीएसटी क्रमांक, ना सुट्या भागांचे नंबर. मी पैसे पाठवले. निसर्गापुढे त्या बिचाऱ्याने काय करायचं, असं मला वाटलं. फोनवर मीच त्यांची समजूत काढली.

७ फेब्रुवारीला बायको आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मी बोटीवर गेलो. कोर्लईच्या टोकापर्यंत गेलो असू. वळताना मागून घरघर ऐकू येऊ लागली. थोड्या वेळाने बोटीच्या बगलेतून पाण्याची धार बाहेर पडताना दिसली. तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप आपोआप सुरू झाला होता आणि थांबत नव्हता. इंजिनावरचं झाकण उघडलं तर तळात वीतभर पाणी. लाइफ जॅकेट मुलीच्या अंगावर होतंच, तरी त्याचे पट्टे मी पुन्हा आवळले. तिने विचारलं, "बाबा, काय झालं?" मी काही सांगितलं नाही. पंप चालू होता म्हणून आम्ही धक्क्याला लागलो. बॅटरी उतरली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून रात्री येतो.

धक्क्यावर एक वयस्कर नाखवा जाळं शिवत बसले होते. त्यांनी दोर धरला, बोट बांधायला मदत केली आणि काय झालं ते विचारलं. मी सगळी हकिगत सांगितली: अमावास्या, दुपारची ओहोटी, खडक. त्यांचा हात थांबला.

"अवसेला?" ते म्हणाले. "दादा, अवसेला बाराला पाणी भरलेलं असतं. बोट टेकेल कशी?"

किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही ठाऊक असलेला हिशोब त्यांनी मला समजावला. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सहाच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण अमावास्येच्या दुपारी बाराला खाडी रिकामी कधीच होत नाही. शिवाय त्या दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढलेलं. मला खोटं सांगणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत नाही, हे त्याला माहीत होतं. पुण्याचा माणूस आहे, "अमावास्या" आणि "मोठी ओहोटी" हे दोन शब्द एकत्र ऐकले की मान डोलावेल, एवढा त्याचा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला.

बोट पाण्याबाहेर काढली आणि मुंबईहून स्टर्नड्राइव्हचं काम करणारा मेकॅनिक बोलावला. त्याने कशालाही हात लावण्याआधी मला बोटीखाली वाकायला सांगितलं. नाळेखालच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखालच्या कण्यावर, जिथे बोट सगळ्यात आधी जमिनीला लागते, तिथला जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, दोन हात लांबीपर्यंत नाहीसा झाला होता. आतलं फायबर उघडं पडलं होतं आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात मारला होता. नखाने निघत होता. ड्राइव्हच्या तळाला माशाच्या परासारखं पातं असतं, त्याला स्केग म्हणतात. त्याची कड घासून घासून आरशासारखी चमकत होती. मेकॅनिक म्हणाला, "खडकावर आपटलं तर तुकडा उडतो. असं गुळगुळीत फक्त वाळूत होतं, आणि एका दिवसात होत नाही."

मग ड्राइव्ह उतरवला. "नवे" बेलोज जुनेच होते, वरून काळा चकाकणारा स्प्रे मारलेला. घडीत वाळू साचली होती आणि खालच्या बाजूला बोटभर चीर होती. त्यातून आलेल्या खाऱ्या पाण्याने आतलं बेअरिंग गंजलं होतं, वळताना येणारी घरघर त्याचीच. इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा रबरी पंखा, त्याच्या पाकळ्या झिजून आखूड झाल्या होत्या. माझ्या बोटीत पाणी ओढायची भोकं ड्राइव्हवरच आहेत. उथळ पाण्यात इंजिन चालू ठेवलं की पाण्याबरोबर वाळूही ओढली जाते आणि ती आतून कानशीसारखं काम करते. ६८,००० रुपयांपैकी खरा बदललेला एकच भाग होता, तो म्हणजे ड्राइव्हचा वाकलेला पंखा, आणि तोही जुना कुठूनतरी आणलेला.

शेवटी त्याने इंजिनाच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडला. समोरच्या काट्यावर २१५ तास दिसत होते, दर आठवड्याच्या पंधरा मिनिटांच्या हिशोबाने अगदी बरोबर. पण इंजिन स्वतःचे तास वेगळे साठवतं. तिथे २७१ होते. काट्यामागची तार सैल केलेली मिळाली. छप्पन्न तास माझी बोट माझ्या नकळत चालली होती.

कुठे चालली, ते काशिदच्या किनाऱ्यावर कळलं. नारळपाणी विकणाऱ्या मावशींनी फोटो पाहताच बोट ओळखली. शनिवार-रविवार पर्यटकांना घेऊन येते, माणशी पैसे घेतात, आणि सरळ वाळूवर चढवतात म्हणजे लोकांना कपडे न भिजवता उतरता येतं. अमावास्येच्या त्या रविवारी काय झालं तेही त्यांनी पाहिलं होतं. बोट बाराच्या सुमारास, म्हणजे पूर्ण भरतीला, किनाऱ्याला लावली. मंडळी जेवायला गेली. परत आली तोवर पाणी निघून गेलं होतं. दहा-बारा जणांनी रेटा देऊन ती ओढत पाण्यात नेली, आणि तेव्हा ड्राइव्ह खाली सोडलेला होता.

आता यातलं गणित बघा, कारण बोट कोणीही चालवत असो, नुकसान इथेच होतं. आपल्या या पट्ट्यात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. पाणी एकसारखं उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. चार मीटरच्या फरकात दोन तासांत एक मीटर पाणी जातं. माझ्या बोटीचा ड्राइव्ह खाली असताना तिला जवळजवळ ९० सेंटिमीटर पाणी लागतं. पूर्ण भरतीला वाळूवर नाळ टेकवून जेवायला गेलेला माणूस परत येतो तेव्हा सव्वा टन वजन त्या पायावर बसलेलं असतं. तो भार पेलायला तो पाय केलेलाच नाही.

किनाऱ्याला लावायचीच असेल तर ती चढत्या भरतीला लावायची, उतरत्या पाण्यात कधीच नाही. शांत पाण्यात, दगड नसलेल्या जागी. पंचवीस-तीस मीटर अलीकडेच मागचा नांगर टाकायचा आणि त्याचा दोर हळूहळू सोडत पुढे जायचं, पंख्याकडे डोळा ठेवून. ड्राइव्ह अर्धा वर घ्यायचा, पण पाणी ओढायची भोकं पाण्याखाली राहिली पाहिजेत. शेवटच्या टप्प्यात इंजिन बंद, मग ड्राइव्ह पूर्ण वर, आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून बोट हाताने धरायची. पूर्ण वर उचललेल्या ड्राइव्हवर इंजिन चालवलं तर आतले सांधे वाकड्या कोनात फिरतात आणि बेलोजवर ताण येतो. निघताना उलट क्रम: आधी ढकलून खोल पाण्यात, मग ड्राइव्ह खाली, मग इंजिन. आणि लाटा फुटत असतील तर किनाऱ्याला लावूच नये. या बोटींची मागची भिंत बुटकी असते, एक लाट मागून आत आली की इंजिन पाण्यात.

माझं स्पष्ट मत सांगतो. कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर स्टर्नड्राइव्ह वाळूला लावू नयेच. लाटांच्या बाहेर नांगर टाका, पोहत किंवा छोट्या डिंगीने जा. नांगर नाळेकडूनच टाकायचा, पुढे चार-पाच मीटर साखळी, आणि दोराची लांबी भरतीच्या पाण्यावरून ठरवायची. आत्ता तीन मीटर पाणी असेल, अजून दोन मीटर चढणार असेल आणि नाळ पाण्यापासून एक मीटर उंच असेल, तर सहा मीटर धरून सातपट, बेचाळीस मीटर. वीस मीटर टाकून समाधान मानलं तर चढत्या पाण्यात नांगर उचलला जातो आणि बोट खडकांवर जाते. बोट गोल फिरली तरी ड्राइव्हखाली तळाच्या ओहोटीलाही पाणी राहील, एवढी जागा बघायची.

त्या गृहस्थांना मी लॅपटॉपवरच्या तासांची प्रत दाखवली. आधी नकार, मग "पोरांनी नेली असेल", मग "साहेब, सगळेच करतात". मला सर्वात राग त्या शेवटच्या वाक्याचा आला. माझ्या बोटीवर प्रवासी वाहतुकीचा परवाना नाही, विमा फक्त खासगी वापराचा आहे. ते फाटलेले बेलोज काशिदच्या बाहेर दहा लोक बसलेले असताना उघडले असते तर कागदावर मालक म्हणून माझं नाव होतं, आणि घरी परत न गेलेली माणसं कुणाची तरी असती. वकिलामार्फत नोटीस पाठवली. फसवणूक आणि विश्वासघात, भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८ आणि ३१६. पोलिसांत लेखी तक्रारही दिली. ६८,००० पैकी ४०,००० परत आले. खऱ्या दुरुस्तीला १,८५,००० लागले. बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे.

बोट कुणाकडे ठेवणार असाल तर चावी देण्याआधी स्केग, कण्याचा जेलकोट आणि बेलोज यांचे जवळून, तारखेसह फोटो काढून ठेवा. काट्यावरचे तास लिहू नका, कॉम्प्युटरमधले काढून घ्या. करारात "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय बोट हलवणार नाही आणि किनाऱ्याला लावणार नाही" हे वाक्य घाला. माझ्या करारात ते नव्हतं, कारण माझा करारच नव्हता. बदललेला प्रत्येक जुना भाग हातात मागा. आणि अपघाताची वेळ सांगितली गेली की लगेच तिथी बघा.

त्या गृहस्थांकडे असलेल्या दुसऱ्या दोन बोटींपैकी एकीच्या मालकांचा नंबर मी शोधून काढला आणि त्यांना फोन केला. ठाण्याचे आहेत. त्यांचा विश्वास बसेना, पाच वर्षांचे संबंध आहेत म्हणाले. पुढच्या शनिवारी ते रेवदंड्याला गेले आणि दुपारी त्यांनी मला एक फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. स्केगची कड होती. उन्हात चमकत होती.